शंभर पाण्यांचं मलम

अकोला,
४ सप्टेंबर १९६१

ती. पंचफुलाबाईस,
ललिताचा सप्रेम जयभीम.

बाई, तीन महिने पत्र नाही म्हणून तू मला शिव्या घालत असशील. घालून घे आणि मग पुढचं वाच. मला इथं जळालेल्या बायांच्या वॉर्डात टाकलंय. ड्युटी संपून खोलीवर आले तरी नाकातला वास जात नाही. लिहिणार काय?

आता काम आहे म्हणून लिहितेय, खोटं कशाला बोलू. वॉर्डात सुभद्रा नावाची एकोणीस वर्षांची पोरगी आहे. बाप बार्शीटाकळीकडं वांगी-कोथिंबीर पिकवतो. स्टोव्ह भडकला आणि मान, खांदा, उजवा दंड सगळं भाजलं. चार महिन्यांत जखमा भरल्या, पण नवी कातडी सुकून ओढते, खाजते. मान वळवायची म्हटलं की रडते. आम्ही व्हॅसलीन लावतो, ते तिला गरम लागतं.

परवा तिला पुसताना आपल्या आईचं राळेचं मलम आठवलं. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं, बोटाला लागलं की गार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उघड्या जखमेला नको, भरलेल्या कातडीला लावून बघा.

तू अजून करतेस ना? आईनं तुला शिकवलं. मी परातीजवळ बसले की म्हणायची, "तू पेन धर." एक डबा पाठव. भाऊजींना रेल्वेचा पास आहेच.

तुझी,
ललिता


बडनेरा,
११ सप्टेंबर १९६१

लले, जयभीम.

काम पडलं तवा बहीन आठवली. असू दे, आठवली त खरी. डबा तुहे भाऊजी घेऊन येतीन. त्यायले नुसत्या चहावर वाटे लावजो नको, जेवू घालजो. गँगमन मानूस आहे, दिवसभर रुळावर हातोडा मारते.

तू इचारतं, करतं का. नाई त काय करू? माय गेली तवापासून या घरातलं मलम बंद नाई. गावातल्या टाचा फुटल्या का माह्या दारात येतात. लहानपनीचं आठवते का तुले? आपल्या हातचं पानी चालत नोतं लोकायले. मलम चालत होतं. माय हासायची. म्हने, "अर्धं त पानीच असते वं त्यात, पन यायले कोन सांगन?" आता आपन बौद्ध झालो, पानी तसंच आहे अन् मलमबी तसंच आहे.

तुले शिकवलं नाई म्हनून रुसली होती, म्हनून सांगतो. तिळाच्या तेलात राळ विरघळवून गाळायची अन् काशाच्या परातीत ओतायची. वरून पानी टाकायचं अन् तळहातानं घोटायचं. तेल अन् पानी एकमेकाचे वैरी, सहज नांदत नाई. घोटत राह्यलं का तेल पानी पेते, पांढरं पडते, हाताले गार लागते. गार लागलं का उरलेलं पानी सांडायचं, नवं टाकायचं. गरम लागलं त थांबायचं अन् परात ओल्या पोत्यावर ठेवायची. नाई त फाटते. असे शंभर पानी. मोजायले ज्वारीचे शंभर दाने वाटीत ठेवतो मी, मायवानीच. एक पानी झालं का एक दाना बाजूले. अन् ज्या हातानं सुरू केलं त्याच हातानं संपवायचं, मधात हात बदलायचा नाई. काहून, ते माय सांगून नाई गेली.

पोरीले लाव. नाव सुभद्रा म्हनतं नं? मानेले हलक्या हातानं लाव, तुहा हात लहानपनापासून भारी आहे.

पंचफुला


अकोला,
२० ऑक्टोबर १९६१

ती. बाईस,
जयभीम.

काल सुभद्रानं मान वळवली! पूर्ण नाही, खिडकीपर्यंत. बाप भेटायला आला होता, त्याच्याकडे तिनं मान वळवून पाहिलं आणि तो माणूस पागोट्यानं डोळे पुसत बाहेर गेला. बाई, मीपण रडले. मेट्रननं पाहिलं असतं तर ओरडली असती.

आता वॉर्डातल्या बाकीच्या बायापण मागतात. म्हणून आमचे कंपाउंडर मोतीराम यांनी इथंच करायचा घाट घातला. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सिस्टर, हातानं घोटायचं म्हणजे जुना जमाना. जोरात घुसळलं की झालं." घरून ताकाची मोठी रवी आणली, दोन जणांनी दोरी ओढली, अर्धा तास नुसता फेस. पांढरं झालं खरं. दुपारी बघितलं तर खाली पाणी, वर तेल. मोतीराम म्हणतात राळ भेसळीची होती.

तेव्हा तूच पाठव. दर महिन्याला दोन डबे. तेल-राळेचा खर्च मी पाठवीन, नाही म्हणू नकोस.

ललिता


बडनेरा,
१८ नोव्हेंबर १९६१

लले, जयभीम.

तुह्या मोतीरामले सांग, नाचता येईना अन् आंगन वाकडं. रवीले काय समजते का, तेलानं पानी पेलं का नाई पेलं? जोर त बैलातबी असते. दमादमानं घोटावं लागते, अन् हात जे सांगते ते आयकावं लागते.

दोन डबे पाठवले. या वेळी येळ लागला. थंडी पडली, बोटं आखडतात.

आता खरी गोष्ट. शालूचं जुळून राह्यलं. पोरगा मूर्तिजापूरचा, मास्तर आहे, शाळा सरकारी. पाहून गेले. पोरगा चांगला आहे वं, मान खाली घालून बोलते. त्याची माय मात्र लई चौकस. आमच्या घरात कोनाले काय आजार, कोन कशानं मेलं, सगळं इचारलं तिनं. जातांनी माह्या हातची भाकर खाऊन गेली, म्हने, "पंचफुलाबाई, तुमच्या हाताले चव आहे." वैशाखात लगन धरू म्हनतात. माह्या जीवाले एकच घोर आहे, हे लगन नीट पार पडलं पायजे. शालूनं मॅट्रिक केली, आपल्या घरातली ती दुसरी मॅट्रिक. पहिली तू.

परवा एक मजाच झाली. भाकरी करतांनी तव्याले हात टेकला, अन् मले समजलंच नाई. शालू ओरडली, "माय, हात जळून राह्यला!" पाह्यतो त फोड. भाऊजी म्हनतात, लगनाच्या धुनकीत हिले चटकाबी लागत नाई.

पंचफुला


अकोला,
२३ जानेवारी १९६२

ती. बाईस,

शालूचं वाचून आनंद झाला. पण हे पत्र मी रागात लिहितेय, आधीच सांगते.

डिसेंबरचे दोन्ही डबे फाटले. आठ दिवसांत पाणी सुटलं, वास यायला लागला. मला वाटलं झाकण सैल असेल. या महिन्याचा डबा उघडला तर नुसतं पिवळं तेल आणि खाली गोळे. राऊंडला डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, असलं काही माझ्या वॉर्डात नको." मान खाली घालून उभी राहिले मी. सुभद्राची कातडी परत ओढायला लागलीय. दहा दिवस तिनं खिडकीकडं पाहिलेलं नाही.

बाई, खरं सांग, शंभर पाणी देतेस की पन्नासातच उरकतेस? लग्नाची घाई मला समजते. पण मग नाही म्हणावं ना! असं अर्धवट करून कशाला पाठवायचं? आईचा हात तुझ्याकडं आला म्हणून आम्ही सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. तो हात कुठं गेला?

ललिता


बडनेरा,
५ फेब्रुवारी १९६२

ललिता,

दाने शंभर मोजले. प्रत्येक वेळी शंभर. मायची शपथ.

आता मलम होनार नाई. घरात लगनाचं काम आहे. मोतीरामच्या रवीले सांग.

लगन १३ मे. रजा काढजो.

पंचफुला


अकोला,
२० मे १९६२

ती. बाईस,

लग्न छान झालं. शालू पांढऱ्या साडीत किती मोठी दिसत होती. एकुलत्या एका पोरीची माय तू, पण एकदाही तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाहीस. हे मी पाहिलं.

आणि माझ्याशी तर तू बोललीच नाहीस. मी रात्रपाळी संपवून तशीच पहाटेच्या गाडीनं आले, पाया पडले, तर तू डाव्या हातानं "बस" म्हणून दाखवलंस. दिवसभर उजवा हात पदराखाली, चेहरा पाडलेला. वाढायला सगळ्या बाया उठल्या, तू उठली नाहीस. लोक विचारत होते, मी म्हटलं, पोरगी जाणार म्हणून माय कोमेजलीय. पण मला कळलं. जानेवारीतलं पत्र तू अजून गिळलेलं नाहीस.

इतका राग, बाई? मलमाच्या एका डब्यापायी? मला दुसरं कोण आहे? चुकले असेन तर थोबाडीत मार. पण हात असा लपवून बसू नकोस.

एक सांगायचं राहिलं. सुभद्राला मार्चमध्ये घरी पाठवलं. मान आता अर्धीच वळते.

ललिता


बडनेरा,
२ जून १९६२

लले,

हे पत्र डाव्या हातानं लिहून राह्यली, म्हनून अक्षर असं. तुले राग नोता दाखवला. हातच दाखवाचा नोता.

माह्या उजव्या हाताची करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट मिटून गेलं. उघडत नाई. तळहातात कायच समजत नाई. दोन वर्साआधी कोपराजोळ एक फिक्का चट्टा आला होता. खाजत नोता, दुखत नोता, म्हनून सोडून देला. मांगच्या दिवाळीले त्यात सुई टोचून पाह्यली. रगत आलं, दुखलं नाई. तवाच समजली मी. आपल्याकडं त्याले रगतपिती म्हनतात, तुमच्याकडं महारोग.

तुले काहून नाई सांगतलं? तू नर्स. तू धावत आली असती, मले दवाखान्यात नेलं असतं, अन् बडनेऱ्याच्या अर्ध्या लोकायनं पाह्यलं असतं. शालूची सासू माह्या हातची भाकर खाऊन गेली होती. तिले समजलं असतं त लगन तिथंच मोडलं असतं. पोरीले जलमभर कोन इचारलं असतं? मी ठरवलं, वैशाखापर्यंत हात राहो नाई त जावो. पोरगी एकदा उजवू दे.

शालूच्या डोक्यावरून हात फिरवला नाई म्हनतं. कोनता हात फिरवू? सांग.

मलमाचं मी खोटं नाई बोलली. दाने शंभरच मोजले. पन गार लागलं का गरम, हाताले समजतच नोतं वं. परात तापत होती अन् मी घोटतच होती. मायनं दाने देले ते नुसते मोजाले. मलम झालं का नाई ते हात सांगत होता, दाने नाई. मी दान्यायवर इसवास ठेवला. शालूले बसवता आलं असतं, पन मधात हात बदलायचा नाई ना! अन् तिनं इचारलं असतं, माय, तू काहून नाई करत.

आता एकच गोष्ट मले खाऊन राह्यली. तो डबा याच हातानं घोटला होता. तुह्या त्या पोरीले, सुभद्राले, काई झालं त नाई नं? खरं सांग. तिले काई झालं असन त मी विहीर जवळ करतो.

भाऊजींनं माही ताटवाटी आपल्या हातानं येगळी ठेवली. नंतर बाहेर बसून रडले.

पंचफुला


अकोला,
५ जून १९६२

बाई,

पत्र आत्ता मिळालं. आधी हे वाच. सुभद्राला काही झालेलं नाही, होणारही नाही. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं. हा रोग डब्यातून, मलमातून असा जात नाही. विहिरीचं नाव काढू नकोस, माझी शपथ आहे तुला.

आता माझं ऐक. डॉक्टरांना विचारायच्या आधी मी काय केलं ते तुला सांगते, नाहीतर मला जेवण जाणार नाही. कपाटात तुझा पहिला, सप्टेंबरचा डबा राहिला होता, तळाशी थोडं न फाटलेलं मलम होतं. तुझं पत्र वाचलं, डबा चिमट्यानं उचलला आणि भट्टीत टाकला. मग फिनाइलनं हात धुतले, तीन वेळा. तुझी बहीण. पाच वर्षं नर्स.

आणि तव्याचं तू लिहिलं होतंस गं. "मजाच झाली" म्हणून लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि पुढच्या पत्रात डब्यांवरून तुला बोलले. चटका बसून कळत नसेल तर कशाची शंका घ्यावी, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते मला. तो हात कुठं गेला म्हणून तुलाच विचारलं मी. माझी जीभ झडली का नाही तेव्हा!

आता गोळ्या निघाल्यात, त्यांनी रोग थांबतो. अमरावतीबाहेर कुष्ठधाम आहे, तिथं ठेवून घेतात. डॉक्टर म्हणाले, वाकलेली बोटं आणि गेलेलं भान परत येईल असं सांगता येत नाही. नोव्हेंबरात आली असती तर वेगळं होतं, म्हणाले. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही. आपल्या घरात लपवणं खूप झालं.

मी रविवारी येते. तुझ्याजवळ बसणार आहे, तुझ्याच ताटात जेवणार आहे.

ललिता


कुष्ठधाम, अमरावती,
१२ नोव्हेंबर १९६२

लले, जयभीम.

पाच महिने झाले. गोळ्या घेतो. चट्टा वाढत नाई, डाव्या हाताले अजून काई नाई. तू दर महिन्याले येतं, तवा बाकीच्या बाया तुह्याकडं पाहत राहतात. त्यायच्याकडं कोनी येत नाई.

भाऊजी दोनदा आले. फाटकापासूनच गेले. त्यायचा दोष नाई, आता गँगमधले लोक त्यायच्या मटक्यातलं पानी पेत नाई म्हने. लहानपनी आपलं पानी चालत नोतं, आता आपल्याच लोकायले चालत नाई. शालू आली नाई. येजो नको म्हनून मीच निरोप देला. मूर्तिजापूरले तिनं सांगतलं, माय मामाकडं राहते. तिले मामाच नाई! हासली मी. मंग रातभर झोप नाई.

माह्या शेजारी भागीरथा आहे, सेमाडोहकडची. तिच्या पायाच्या टाचा अशा फुटल्या का बोट जाईन आत. येथी सगळ्यायचीच कातडी सुकते, घाम येत नाई. मले मायचं मलम आठवते. पन माह्या डाव्या हाताले घोटाची सवय नाई, अन् येथी दुसरा हात कोनाचा आनू? पन्नास बायात एक तळहात खरा सांगनारा नाई.

म्हनून तू शिक. माय म्हने, तू पेन धर. आता मी सांगतो, परात धर. काशाची परात भाऊजीकडून घेऊन जा, मायची आहे. दाने नको घेऊ. दाने फेकून दे. डोळे मिट अन् हाताले इचार. गार म्हनला त नवं पानी, गरम म्हनला त थांब. हात थकला त थकू दे, बदलू नको. मले आता समजलं, माय तसं काहून म्हने. जो हात पहिल्या पान्यापासून संग असते, त्यालेच फरक समजते.

पंचफुला


अकोला,
९ जानेवारी १९६३

ती. बाईस,
जयभीम.

चार वेळा फाटलं. पहिल्यांदा मीच घाई केली, पाणी जास्त टाकलं. दुसऱ्यांदा परात तापली, हात सांगत होता, मी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा मधे कोणीतरी बोलवायला आलं. चौथ्यांदा का फाटलं ते माहीत नाही. परातीसमोर बसून रडले आणि त्यातच झोप लागली. मोतीराम म्हणाले, "सिस्टर, रवी आणू का?" आणू दिली नाही.

पाचव्यांदा किती पाणी झाले मोजले नाहीत. तळहात सोलून निघाला. एकदम असं वाटलं की परातीत माझ्या हाताखाली काहीतरी निवलं. तसंच लिहिते, दुसरा शब्द नाही. पांढरं झालं होतं. वीस दिवस कपाटात ठेवून पाहिलं. पाणी सुटलं नाही, वास नाही.

दोन डबे भाऊजींबरोबर पाठवते. एक तिथल्या बायांना. दुसरा तुझा. अर्धा डबा बार्शीटाकळीला सुभद्राकडं पाठवलाय, कोणी घोटलं ते लिहिलंय, कोणी शिकवलं तेही लिहिलंय.

बाई, बरोबर झालंय का ते तूच सांग. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

ललिता


कुष्ठधाम, अमरावती,
१७ जानेवारी १९६३

लले,

डबे पोचले. या वेळी भाऊजी आतपर्यंत आले. बाकावर बसले, पानी मागतलं, भागीरथानं देलं, पेले. मी काई बोलली नाई. बोलली असती त उठले असते.

झाकन उघडलं. रंग मायचाच आहे. वास मायचा. उजव्या हातात घेतलं, काई नाई समजलं. डाव्या हाताचं बोट बुडवलं, पन आता त्या बोटावरबी माहा इसवास राह्यला नाई. भागीरथाले म्हनलं, तू पाह्य. तिनं हात लावला, माह्याकडं पाह्यलं, मान हलवली. तिलेबी समजलं नाई. मंग एकीएकीले इचारलं. गोदाबाई, मंग तिच्या पलीकडची, मंग दारातली. आठ बाया डबा घेऊन बसल्या, अन् गार आहे का गरम ते सांगनारी एक नाई. भाऊजी बाकावरून पाहून राह्यले होते. त्यायले हात लावाले कसं सांगू?

मंग मी वाकली, अन् डब्यालेच गाल लावला.

गार आहे वं माय. लई गार आहे.

पंचफुला